एकाच खंडात यूएसच्या शेजारी राहायचं म्हणजे काय

जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर केलं की गल्फ ऑफ मेक्सिकोचं नाव आता गल्फ ऑफ अमेरिका होणार. दुसऱ्याच दिवशी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शाइनबाउम यांनी सकाळच्या पत्रकार परिषदेत १६०७ चा एक नकाशा दाखवला आणि म्हणाल्या, मग उत्तर अमेरिकेलाच 'मेक्सिकन अमेरिका' का म्हणू नये, जुन्या नकाशात तर तसंच लिहिलंय. ती क्लिप जगभर फिरली, लोक हसले आणि पुढच्या बातमीवर गेले. पण त्यामागे दोनशे वर्षांचं भांडण आहे. ते एकदा समजलं की कॅनडा एवढा का भडकलाय, पनामाला कालव्याचा विषय निघाला की धडकी का भरते, क्युबा यूएसकडून येणारे भाड्याचे चेक का वटवत नाही, हे सगळं एका धाग्यात बसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपण शाळेत सात खंड शिकलो, उत्तर अमेरिका वेगळा, दक्षिण अमेरिका वेगळा. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांत मुलांना एकच खंड शिकवतात, कॅनडापासून थेट चिली-अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत, आणि त्यात ३५ देश. म्हणजे पेरूतला पोरगा लहानपणापासून स्वतःला अमेरिका खंडाचाच समजत मोठा होतो, आणि टीव्हीवर मात्र अमेरिका म्हणजे एकच देश. त्यामुळे या लेखात त्या देशाला मी यूएस म्हणणार आहे आणि अमेरिका म्हणजे पूर्ण खंड, नाहीतर गोंधळ होईल.

आता मुख्य मुद्दा. 'आपण सगळे एका खंडाचे' हे वाक्य इथे दोन्ही बाजूंनी वापरलं गेलंय. ताकदवान देश ते म्हणतो तेव्हा अर्थ असतो की इथे बाहेरच्याने पाय ठेवायचा नाही, इथलं मी बघतो. छोटे देश तेच म्हणतात तेव्हा अर्थ असतो की एका खंडाचे आहोत ना, मग सगळ्यांना सारखा नियम लावा, तुम्हालाही. दोनशे वर्षांत कधी पहिला अर्थ जिंकला, कधी दुसरा, आणि हे कशावर ठरलं ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात १८२३ ला होते. स्पेनच्या वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत होत्या आणि युरोपातले राजे त्या परत घ्यायला येतील अशी भीती होती. तेव्हा यूएसचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी काँग्रेसला दिलेल्या संदेशात सांगितलं की युरोपने या खंडात आता नव्या वसाहती करायच्या नाहीत, ढवळाढवळ केली तर ती आम्ही आमच्याविरुद्धची कृती समजू. यालाच मन्रो डॉक्ट्रिन म्हणतात. ऐकायला हे शेजाऱ्यांच्या रक्षणाचं वाटतं आणि तेव्हा काही नव्या देशांनी त्याचं स्वागतही केलं. (तेव्हा यूएसचं आरमार छोटं होतं, युरोपला खरा धाक होता तो ब्रिटिश नौदलाचा.) पण त्या मजकुरात एक गोष्ट कुठेच नव्हती, ती म्हणजे यूएस स्वतः ढवळाढवळ करणार नाही असं वचन.

सिमोन बोलिव्हार यांना हे लवकर उमगलं. स्पेनविरुद्ध लढून अर्धा दक्षिण खंड मोकळा करणारा हा माणूस, त्यांनी १८२६ मध्ये पनामाला नव्या देशांची परिषद बोलावली, सगळ्यांचा एक संघ करायचा म्हणून. यूएसला बोलवावं असं त्यांच्या स्वतःच्या मनात नव्हतं, पण इतरांनी निमंत्रण पाठवलंच, आणि यूएसच्या दोन प्रतिनिधींपैकी एक वाटेत वारला, दुसरा पोचेपर्यंत परिषद संपली होती. संघ काही झाला नाही, जो तो आपापल्या भांडणात गुंतला. १८२९ मध्ये बोलिव्हारनी एका पत्रात लिहून ठेवलंय की यूएस स्वातंत्र्याच्या नावाखाली अमेरिकेवर हालअपेष्टा आणणार असं दिसतंय. हे मेक्सिकोच्या युद्धाच्या सतरा वर्षं आधी!

आणि मेक्सिकोचं जे झालं ते तर आजही तिथल्या प्रत्येक शाळेत शिकवतात. १८४५ मध्ये यूएसने टेक्सास सामील करून घेतला, १८४६ ला युद्ध सुरू झालं, १८४७ च्या सप्टेंबरमध्ये यूएसचं सैन्य मेक्सिको सिटीत घुसलं आणि २ फेब्रुवारी १८४८ च्या तहात कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोनाचा बराचसा भाग आणि आजूबाजूचा मुलूख १.५ कोटी डॉलरला लिहून घेतला गेला. टेक्सास धरून मेक्सिकोची निम्म्याहून जास्त जमीन गेली. तह व्हायच्या काही दिवस आधीच कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं, मेक्सिकोला त्याची खबरही नव्हती. आज लॉस एंजेलिस, सान फ्रान्सिस्को, सान दिएगो ही स्पॅनिश नावं ऐकताना आपल्याला काही वाटत नाही, पण मेक्सिकन माणसाला त्यातून नकाशा दिसतो. म्हणून गल्फचं नाव बदलणं तिकडे फालतू विषय ठरत नाही.

इथे लोक एक चूक करतात, त्यांना वाटतं छोट्या देशांनी फक्त सोसलं. तसं नाही, त्यांनी कायदा रचला. अर्जेंटिनाचे कार्लोस काल्व्हो यांनी १८६८ मध्ये मांडलं की परदेशी व्यापाऱ्याचं भांडण झालं तर त्याने स्थानिक कोर्टात जावं, स्वतःच्या देशाची युद्धनौका बोलवू नये. आज हे साधं वाटेल, तेव्हा नव्हतं, कारण १९०२ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटलीने थकलेल्या कर्जासाठी व्हेनेझुएलाची बंदरं खरोखर नौका लावून अडवली. अर्जेंटिनाचेच परराष्ट्रमंत्री लुइस मारिया द्रागो यांनी लगेच वॉशिंग्टनला पत्र धाडलं, की तुमच्या मन्रोच्या तत्त्वाचा अर्थ हाच निघतो ना की युरोपने शस्त्राच्या जोरावर कर्जवसुली करू नये? बघा किती हुशार चाल, मोठ्याचंच वाक्य घेऊन त्यालाच त्यात बांधायचं.

पण थिओडोर रूझवेल्ट यांनी ते उलटं फिरवलं. १९०४ मध्ये ते म्हणाले, बरोबर आहे, युरोपने यायला नको, म्हणून या खंडात कोणी नीट वागत नसेल तर पोलिसाचं काम आम्ही करू. पुढच्याच वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकच्या कस्टम्सची वसुली यूएसने हातात घेतली, जमलेल्या पैशातले ४५ टक्के त्या देशाच्या सरकारला आणि ५५ टक्के सावकारांना. मग निकाराग्वात १९१२ ते १९३३ (मधला थोडा काळ सोडला तर), हैतीत १९१५ ते १९३४, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९१६ ते १९२४ यूएसचे मरीन सैनिक तळ ठोकून होते. क्युबा स्पेनच्या हातून सुटला तर १९०१ मध्ये त्याच्या राज्यघटनेतच लिहून घेतलं की गरज वाटली तर यूएस हस्तक्षेप करू शकेल, आणि १९०३ पासून ग्वांटानामोचा तळ भाड्याने. ते भाडं आज वर्षाला ४,०८५ डॉलर, चेक येतो, आणि १९५९ चा एक सोडला तर कास्त्रो सरकारने कधी वटवला नाही, कारण वटवणं म्हणजे करार मान्य करणं.

पनामाची गोष्ट सगळ्यात जास्त चीड आणणारी आहे. कालव्यासाठी कोलंबियाच्या संसदेने यूएसच्या अटी नाकारल्या, तर ३ नोव्हेंबर १९०३ ला यूएसच्या पाठबळाने पनामा कोलंबियातून फुटला आणि पंधरा दिवसांत करार झाला. नव्या देशातर्फे त्यावर सही करणारा माणूस होता फिलिप ब्युनो-वारिया, एक फ्रेंच इंजिनिअर! पनामाचे खरे प्रतिनिधी वॉशिंग्टनला पोचायच्या आत त्याने सही करून टाकली. देशाच्या मधोमध दहा मैल रुंद पट्टा कायमचा यूएसच्या ताब्यात. ९ जानेवारी १९६४ ला पनामाची शाळकरी मुलं त्या पट्ट्यातल्या हायस्कूलसमोर आपला झेंडा लावायला गेली आणि त्यावरून उसळलेल्या दंगलीत वीसच्या वर पनामावासी मेले, तो दिवस तिथे आजही हुतात्मा दिन आहे. १९७७ च्या करारानंतर शेवटी ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाकडे आला. आता वाचा, २० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात ट्रम्प म्हणाले आम्ही तो परत घेतोय. पनामाच्या माणसाला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तर मग दुसरा अर्थ कधी जिंकला? माझ्या मते १९३३ ते १९३८ ही पाच वर्षं नीट अभ्यासावीत. कोणीच कोणाच्या कारभारात हस्तक्षेप करायचा नाही असा ठराव लॅटिन देशांनी १९२८ मध्ये हवानाच्या परिषदेत आणला होता, तो यूएसने पाडला. १९३३ ला माँटेव्हिडिओला पुन्हा तोच विषय, आणि या वेळी फ्रँकलिन रूझवेल्टचं सरकार होतं, मंदीने कंबरडं मोडलेलं, मरीन पोसायला पैसा नाही आणि बाजारपेठ हवी, त्यामुळे काही अटी ठेवून का होईना यूएसने सही केली. १९३४ मध्ये क्युबाच्या घटनेतला तो हस्तक्षेपाचा हक्क गेला (ग्वांटानामो मात्र राहिला) आणि हैतीतून मरीन निघाले.

आणि मग १८ मार्च १९३८ च्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी रेडिओवर सांगितलं की परदेशी तेल कंपन्या आजपासून देशाच्या. कामगारांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने दिलेला निकाल कंपन्या मानायला तयार नव्हत्या, त्यावरून हे झालं. कंपन्यांनी मेक्सिकोच्या तेलावर बहिष्कार टाकला, ब्रिटनशी राजनैतिक संबंध तुटले. नुकसानभरपाईसाठी मेक्सिको सिटीतल्या बेयास आर्तेस नाट्यगृहात बायकांनी रांगा लावून दागिने दिले, गरीब बायांनी कोंबड्या आणून दिल्या. १९१४ मध्ये याच मेक्सिकोचं व्हेराक्रुझ बंदर यूएसच्या नौदलाने काबीज केलं होतं आणि तेव्हाचे नौदलमंत्री होते जोसेफस डॅनियल्स. १९३८ ला तेच डॅनियल्स मेक्सिकोत यूएसचे राजदूत होते, आणि या वेळी त्यांनीच वॉशिंग्टनला सबुरीने घ्यायला लावलं. नौका आल्या नाहीत. यूएसच्या कंपन्यांचा हिशोब शेवटी १९४२ मध्ये सुमारे २.४ कोटी डॉलरवर मिटला, त्यांच्या मागणीच्या मानाने फारच कमी. हे फक्त कागदावरच्या ठरावामुळे झालं असं मी म्हणणार नाही, युरोपात हिटलर होता आणि यूएसला दक्षिणेचे शेजारी आपल्या बाजूला हवे होते. पण संधी आली तेव्हा हातात ठराव तयार होता हे महत्त्वाचं, आणि तो तयार होता कारण काल्व्हो आणि द्रागोपासून सत्तर वर्षं हे लोक तेच तेच न कंटाळता मांडत होते.

त्या काळातल्या मेक्सिकोशी आपला एक धागा आहे जो फार कमी लोकांना माहिती असतो. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२० च्या दशकात मेक्सिकोत आसऱ्याला गेले आणि चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवायला लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तिथला प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना भाकर वाटताना रंगवलंय. ब्रिटिशांपासून पळणाऱ्या माणसाला तो देश घर देऊ शकला याचं एक कारण मला हेच वाटतं, की बलाढ्य सत्तेच्या सावलीत राहणं काय असतं ते त्या लोकांना सांगावं लागत नव्हतं.

बरं, १९४८ मध्ये बोगोटाला ओएएस म्हणजे ऑर्गनायझेशन ऑफ अमेरिकन स्टेट्स स्थापन झाली आणि हस्तक्षेपबंदी थेट सनदेतच लिहिली गेली. आता जिंकलोच असं वाटलं असेल. सहा वर्षांत ग्वाटेमाला झालं. तिथले निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष याकोबो आर्बेन्झ यांनी मोठ्या जमीनदारांच्या पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला घेतल्या, त्यात सर्वात मोठी जमीनदार यूएसची युनायटेड फ्रूट कंपनी. सरकारने भरपाई देऊ केली ती कंपनीने स्वतःच टॅक्ससाठी दाखवलेल्या किमतीने, आणि कंपनीने ती वर्षानुवर्षं कमी दाखवलेली! मार्च १९५४ ला काराकासच्या परिषदेत यूएसने ठराव आणला की खंडातल्या कुठल्याही देशात कम्युनिस्टांचा ताबा म्हणजे सगळ्या खंडाला धोका. विरोधात मत एकट्या ग्वाटेमालाचं, मेक्सिको आणि अर्जेंटिना तटस्थ, हजर असलेले बाकी सगळे बाजूने. ग्वाटेमालाचे परराष्ट्रमंत्री तोरिएयो यांच्या भाषणाला टाळ्या मात्र सगळ्यात जास्त पडल्या. जूनमध्ये सीआयएने उभ्या केलेल्या फौजेने आर्बेन्झना घालवलं. पुढे १९६० ते १९९६ यादवी, आणि सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाने दोन लाखांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच थोड्या वेळाने यूएसच्या बाजूने हात वर केले.

कॅनडाची गोष्ट पूर्ण वेगळी. कॅनडाने शंभर वर्षं खंडाची ओळखच नको म्हटली. १८१२ च्या युद्धात यूएसने चढाई केलेली, १८६७ मध्ये प्रांत एकत्र येऊन देश झाला त्यामागेही दक्षिणेची भीती होतीच. १९११ ला पंतप्रधान लॉरिए यांच्या सरकारने यूएसशी व्यापार करार केला तर वॉशिंग्टनमधले एक बडे नेते चॅम्प क्लार्क म्हणून गेले की मला आपला झेंडा उत्तर ध्रुवापर्यंत फडकताना बघायचाय, आणि कॅनडात लॉरिए निवडणूक हरले. पॅन अमेरिकन युनियनच्या (ओएएसच्या आधीची संघटना) वॉशिंग्टनमधल्या इमारतीत कॅनडासाठी खुर्ची राखून ठेवली होती, ती कित्येक वर्षं रिकामी. ओएएसमध्ये कॅनडा शिरला १९९० ला! तोवर त्यांचा आधार ब्रिटन, कॉमनवेल्थ आणि स्वतःच्या संस्था. रेडिओ आला तेव्हा ग्रॅहम स्प्राय नावाच्या कार्यकर्त्याने सांगितलं की निवड दोनातच आहे, एकतर सरकारी रेडिओ नाहीतर यूएसचा रेडिओ, आणि त्यातून १९३६ ला सीबीसी ही सरकारी प्रसारण संस्था उभी राहिली. १९७१ पासून रेडिओवर ३० टक्के गाणी कॅनडाची वाजवणं सक्तीचं झालं. पंतप्रधान पिएर ट्रुडो १९६९ मध्ये वॉशिंग्टनलाच जाऊन बोलले होते की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं, तो कितीही प्रेमळ असला तरी त्याची प्रत्येक हालचाल आपल्याला जाणवते.

हे आपल्याला पटकन कळत नाही कारण इथून बघताना 'नॉर्थ अमेरिका' एकच वाटते. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून यूएस आणि कॅनडा दोन्हीकडची मराठी मंडळं धरून आहे, भाऊ न्यू जर्सीत आणि बहीण मिसिसागाला, गाडीने येणं-जाणं, त्यामुळे बॉर्डर म्हणजे एक टोलनाका असंच मनात असतं. पण ट्रम्प यांच्या तोंडून 'तुम्ही आमचं ५१ वं राज्य व्हा' हे ऐकलेल्या कॅनेडियन माणसाला विचारा. २०२५ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या सरकारी दारू दुकानांतून यूएसचा माल काढून टाकला गेला, लोकांनी फ्लोरिडाच्या ट्रिपा रद्द केल्या, आणि जनमत चाचण्यांत मागे पडलेला सत्ताधारी लिबरल पक्ष मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली एप्रिलमध्ये जिंकून आला. एक सांगतो, आपण भारतीय या प्रकारात हत्तीच्या बाजूचे आहोत. २०१५ ला भारताच्या सीमेवर ट्रक अडकून पडले तेव्हा नेपाळला गॅस आणि औषधं मिळेनात, त्या आठवणी काठमांडूत अजून ताज्या आहेत. हे लक्षात ठेवून वाचलं तर कॅनडाचा राग जास्त कळेल.

आता आजची अडचण. २०२४ मध्ये कॅनडाच्या निर्यातीतली साधारण तीन चतुर्थांश आणि मेक्सिकोची ८० टक्क्यांहून जास्त यूएसला गेली, त्यामुळे पाठ फिरवणं शक्यच नाही. मग उरतो नियमांचा मार्ग. १९८७ ला कॅनडा व्यापार करारासाठी अडून बसला तो एकाच कलमावर, वाद झाला तर निर्णय यूएसच्या कोर्टात न होता दोन्हीकडच्या पंचांसमोर व्हावा, त्यासाठी बोलणी सोडून उठलेही. ते मिळालं, १९९४ च्या नाफ्टामध्ये (मेक्सिकोसह तिघांचा व्यापार करार) टिकलं, २०१८ ला नाफ्टाच्या जागी नवा करार ठरताना पुन्हा तेवढ्यासाठीच ताणून धरलं. दुसरीकडे लॅटिन देशांनी २०११ मध्ये सेलॅक नावाची ३३ देशांची संघटना काढली ज्यात यूएस नाही आणि कॅनडाही नाही, पण तिला ना सचिवालय ना पैसा, आणि सदस्य देशांत सरकारं बदलली की सूर बदलतो.

सगळ्यात मोठी कमजोरी मात्र तीच जुनी, काराकासची, वेळ आली की एकमेकांना सोडून द्यायची. ऑगस्ट २०१८ मध्ये मेक्सिकोने कॅनडाला बाजूला ठेवून यूएसशी करार जाहीर केला, कॅनडा महिन्याभराने धावत आत आला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उलटं झालं, ऑन्टारिओचे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) डग फोर्ड म्हणाले मेक्सिकोला काढा आणि आपण दोघंच करार करू. त्याच महिन्यात ट्रम्प यांची टॅरिफची धमकी दोघांवर एकत्रच आली. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्नी मेक्सिको सिटीला जाऊन शाइनबाउमना भेटले, बंदरं, ऊर्जा, सुरक्षा यावर थेट आपसात काम करायचं ठरलं. नाफ्टाच्या जागी आलेल्या, जुलै २०२० पासून लागू झालेल्या करारात लिहिलंय की सहा वर्षांनी, म्हणजे जुलै २०२६ मध्ये, तिन्ही देशांनी आढावा घ्यायचा. तिथे मेक्सिको आणि कॅनडा एका बाजूला बसतात की एकेकटे वॉशिंग्टनला जातात, मी तेवढंच बघणार आहे.